विश्वासाची ठेव : समाजकार्य व्यवसायातील नीतीचे प्रश्न

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



ज्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून मी शाळेच्या सुट्ट्या घालविल्या, त्याच्याच शताब्दी व्याख्यानमालेत बोलण्यासाठी उभे राहताना मनात आनंदापेक्षा संकोच अधिक आहे. या व्यासपीठावरून आजवर थोर साहित्यिक बोलले. मी साहित्यिक नाही. रुग्णालयाच्या एका कोपऱ्यातील टेबलाशी आणि पुढे एका दत्तक संस्थेच्या कार्यालयात माझे आयुष्य गेले. कार्यवाहांनी आग्रह केला की, आपल्या अनुभवाचेच काही सांगा. त्या अनुभवातील जो प्रश्न निवृत्तीनंतरही मला सोडून गेलेला नाही, तोच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम एक खुलासा करते. ‘समाजसेवा’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. ‘समाजकार्य’ हा शब्द तितका ओळखीचा नाही. समाजसेवा कोणीही करू शकतो आणि ती सर्वांनी करावीच. समाजकार्य हा मात्र शिक्षण घेऊन, वेतन स्वीकारून, काही तत्त्वांशी बांधून घेऊन करावयाचा व्यवसाय आहे. आपल्या देशात त्याच्या शिक्षणाची सुरुवात १९३६ साली मुंबईत झाली. नागपाड्याच्या वस्तीत काम करणारे क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा यांच्या नावाची पदव्युत्तर संस्था सुरू झाली. तीच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून प्रसिद्धीस आली. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. आपल्या वडोदऱ्यात १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच्या आरंभीच्या काळातच समाजकार्याची विद्याशाखा उभी राहिली. मी त्याच विद्याशाखेची विद्यार्थिनी.

आमच्या पाठ्यपुस्तकांत मदतीसाठी आलेल्या माणसाला ‘सेवार्थी’ म्हणत. सेवार्थी जे सांगेल ते गोपनीय ठेवावे, हे पहिल्याच वर्षी शिकविले जाई. परीक्षेत त्यावर प्रश्न येई, आम्ही उत्तर लिहीत असू आणि गुणही मिळत. पण गोपनीयता म्हणजे काय, हे मला कळले ते नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

या पुढे मी ज्या हकिकती सांगणार आहे, त्यांतील गावे, वर्षे, नाती बदललेली आहेत. आपल्यापैकी कोणी त्यांत ओळखीची माणसे शोधू नयेत. ती सापडणार नाहीत.

मी एका मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्ती होते. तो काळ क्षयरोगाच्या दीर्घ औषधोपचाराचा होता. वर्ष-दीड वर्ष औषध चालू ठेवावे लागे. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबला की रुग्ण यायचे बंद होत, आणि मग रोग दुप्पट जोराने उलटे. म्हणून न आलेल्या रुग्णांना पोस्टकार्ड पाठविण्याची पद्धत होती. आठवड्यातून एकदा यादी समोर घेऊन मी पन्नासेक कार्डे लिहीत असे: ‘आपण क्षयाचे औषध नेण्यास आला नाहीत. त्वरित यावे.’ खाली विभागाचा शिक्का. त्या यादीत एका नवविवाहित मुलीचे नाव होते. माहेरी निदान झाले होते, लग्न ठरलेले होते, आणि घरच्यांनी ते लपवून लग्न उरकले होते. ती गुपचूप येऊन औषध नेई. एकदा आली नाही. तिच्या सासरच्या पत्त्यावर माझे कार्ड गेले.

सुमारे महिन्याने तिचा भाऊ विभागात आला. त्याने ते कार्ड माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारले, “ताई, हे अक्षर तुमचंच का?”

एवढेच तो बोलला. कार्ड पोस्टमनने वाचले होते, शेजारणीने वाचले होते, सासूने वाचले होते. तिसऱ्या दिवशी मुलीला तिच्या ट्रंकेसह माहेरी आणून सोडले गेले. पुढे तिचे औषध पुरे झाले, ती ठणठणीत बरी झाली. संसार मात्र पुन्हा उभा राहिला नाही.

आपण म्हणाल, यात चूक तिच्या माहेरच्यांची, त्यांनी रोग लपविला. चूक सासरच्यांची, त्यांनी माणुसकी दाखविली नाही. ते खरेच आहे. पण माझे अक्षर माझेच होते. मी नियमाप्रमाणे वागले होते, तिच्या भल्यासाठी वागले होते, आणि तिने माझ्यापाशी ठेवलेली एक गोष्ट मी उघड्या कार्डावर लिहून टपालपेटीत टाकली होती. बंद पाकिटे वापरावीत असे मी नंतर वरिष्ठांना सुचविले, तेव्हा खर्चाचा प्रश्न निघाला. पुष्कळ पत्रव्यवहारानंतर पाकिटे मिळाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या दिवसापासून प्रत्येक नव्या रुग्णाला मी एक प्रश्न विचारू लागले: “तुमच्या घरी पत्र कोण उघडतं?” या प्रश्नाने मला जे शिकविले, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकविले नाही. सुना सांगत, सासरे उघडतात. म्हातारे सांगत, वाचता येत नाही, शेजारचा मुलगा वाचून दाखवतो. पत्त्याचा रकाना भरणे आणि तो पत्ता त्या माणसासाठी सुरक्षित आहे की नाही हे जाणणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आज पोस्टकार्ड मागे पडले. पण घरात एकच मोबाइल असतो, तो मुलाच्या हाती असतो, आणि रुग्णालयाचा संदेश त्याच्या पडद्यावर उमटतो. प्रश्न तोच आहे.

म्हणून मी सेवार्थीच्या गुपिताला ‘ठेव’ म्हणते. आपल्या आज्या-पणज्या तीर्थयात्रेला निघताना दागिन्यांचे गाठोडे शेजारणीकडे ठेवीत. शेजारणीने ते घालून मिरवायचे नसते; चांगल्या कामासाठीसुद्धा मोडायचे नसते. जिचे आहे तिला, ती मागेल तेव्हा, जसेच्या तसे परत द्यायचे असते. आमच्यापाशी माणसे आपले दुःख ठेवतात ते याच विश्वासाने.

हा विचार पाश्चात्त्य पुस्तकांतून आला, असे मात्र कोणी समजू नये. ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसलेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे, अशी ती व्यवस्था होती. तेथे येणाऱ्या स्त्रीचे नाव फुटले असते तर त्या गृहाचे दार दुसऱ्या स्त्रीने पुन्हा ठोठावले नसते. त्या कार्याचा सारा पाया गुप्ततेचा होता. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. पुढे १८७५ साली पंढरपुरात प्रार्थना समाजाचे बालकाश्रम सुरू झाले. त्यामागे लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशांची प्रेरणा होती. मराठी आणि गुजराती माणसांनी मिळून केलेल्या या कामाचे स्मरण वडोदऱ्यात करणे उचित होईल.

गुपित म्हणजे काहीतरी वाईट कृत्य, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती किती अपुरी आहे, हे सांगायला याच शहराचा इतिहास पुरेसा आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेस गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानाच्या नोकरीसाठी येथे आले. त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून त्यांना आसरा घ्यावा लागला. आणि ते उघडकीस येताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एवढा विद्वान पुरुष आपले नाव लपवीत होता, ते काही अपराध केला म्हणून नव्हे. ज्याला समाजाचे संरक्षण नसते, त्याला गुप्ततेचाच आडोसा असतो. रुग्णालयात, बालगृहात, कुटुंब सल्ला केंद्रात येणारी बहुतेक माणसे याच आडोशाला उभी असतात. तो आडोसा काढून घेण्याआधी, त्याऐवजी आपण त्यांना कोणते छप्पर देणार आहोत, याचा विचार करणे आमच्या व्यवसायाला बंधनकारक आहे.

येथवर आपणा सर्वांचे एकमत असेल. खरी अडचण यापुढे आहे. ठेव प्रत्येक वेळी जपताच येते का? आणि जपावी का?

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट कायद्याने संरक्षित आहे. अशिलाच्या संमतीवाचून वकिलाला ती उघड करता येत नाही. समाजकार्यकर्त्याला आपल्या साक्षीच्या कायद्यात तसे संरक्षण नाही. न्यायालयाने विचारले तर त्याला उत्तर द्यावे लागते. डॉक्टरांची, वकिलांची, परिचारिकांची वैधानिक परिषद आहे. सर्व समाजकार्यकर्त्यांसाठी देशपातळीवर तशी परिषद नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांसंबंधीच्या कायद्याने वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांना आपल्या कक्षेत घेतले, हे पाऊल स्वागतार्ह आहे. १९९७ मध्ये समाजकार्याच्या अध्यापकांनी व्यावसायिकांसाठी नीतीचा एक जाहीरनामा सिद्ध केला. जागतिक संघटनांनी २०१८ मध्ये आपल्या नीतितत्त्वांचे नवे निवेदन स्वीकारले. ही सारी कागदपत्रे मोलाची आहेत. पण रात्री दहा वाजता वॉर्डात एक मुलगी पदराला धरून म्हणते, “ताई, कुणाला सांगू नका ना,” तेव्हा जाहीरनामा कपाटात असतो आणि आपण एकट्या असतो.

समजा, ती मुलगी सोळा वर्षांची आहे आणि गरोदर आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील बालकावर लैंगिक अपराध झाल्याची माहिती ज्याला आहे, त्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविलीच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा आवश्यक आहे, हे मी निःशंकपणे सांगते. घरातल्याच माणसाकडून छळ सोसणाऱ्या कित्येक मुली, ‘घरची गोष्ट घरातच’ या आपल्या लाडक्या न्यायाने बळी पडलेल्या मी पाहिल्या आहेत. तेथे गुप्तता पाळणे म्हणजे अपराध्याला साथ देणे होय. पण दुसरी मुलगी येते. तिचे त्या सतरा वर्षांच्या मुलावर प्रेम आहे. पोलिसांत जावे लागेल हे कळले तर ती उठून जाईल आणि एखाद्या भोंदूच्या हाती प्राण गमावील. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कोंडीतून एक वाट काढली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची व तिच्या पालकांची विनंती असेल, तर पोलिसांना माहिती देताना डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही, असे न्यायालयाने सांगितले. सत्य कळवावे, पण माणूस उघडा पडू नये, हा त्यातला विवेक मला फार मोलाचा वाटतो.

दुसरे उदाहरण एचआयव्हीचे. पतीला लागण आहे, पत्नीला ठाऊक नाही; पती म्हणतो, सांगू नका. या प्रश्नावर १९९८ पासून न्यायालयात आणि न्यायालयाबाहेर वाद झाले. २०१७ च्या कायद्याने त्याचा एक क्रम लावून दिला. आधी त्या व्यक्तीलाच समजावून स्वतः सांगण्यास प्रवृत्त करावे. ती सांगणार नाही अशी खात्री झाली आणि जोडीदाराला खराच मोठा धोका असला, तर ‘आता मी सांगणार आहे’ अशी पूर्वसूचना त्या व्यक्तीला द्यावी. आणि मगच डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला प्रत्यक्ष भेटून, धीर देऊन सांगू शकतो. सांगितल्यामुळे बाधित व्यक्तीला, विशेषतः स्त्रीला, मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढले जाण्याची रास्त भीती असेल, तर सांगू नये, अशीही तरतूद आहे. हा क्रम लक्षात घ्यावा. ठेव मोडायचीच वेळ आली, तर मालकाच्या पाठीमागे मोडायची नाही. त्याला सांगून मोडायची.

या सगळ्यातून मी एका निष्कर्षाला आले आहे. ‘मी कोणालाही सांगणार नाही’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार समाजकार्यकर्त्याला नाही. ते वाक्य फार गोड आहे. समोरचे माणूस त्याने लगेच शांत होते, आणि आपल्यालाही आपण फार दयाळू असल्याचे समाधान मिळते. पण ते खोटे आहे. खरे वाक्य असे आहे: “तुम्ही सांगाल ते मी जपेन. मात्र कोणाच्या जिवाला, विशेषतः लेकराला धोका असला, किंवा न्यायालयाने विचारले, तर मला गप्प राहता येणार नाही. आणि तशी वेळ आली तर आधी तुम्हाला सांगेन.” हे ऐकून काही माणसे गप्प होतात, उठूनही जातात. तो धोका पत्करावा लागतो. बोलण्यापूर्वी मर्यादा सांगितली तर निवड त्यांच्या हाती राहते. बोलून झाल्यावर सांगितली तर ती फसवणूक होते.

हा निष्कर्ष मला फुकट मिळालेला नाही. त्याची हकिकत सांगून मी आवरते घेईन.

ऐंशीच्या दशकात एका अविवाहित मुलीला तिच्या मावशीने आमच्याकडे आणले. बाळंतपण झाले, मुलगा झाला. तिने त्याला संस्थेच्या स्वाधीन केले. आजच्या बाल न्याय कायद्यात, मूल स्वाधीन केल्यावर पुनर्विचारासाठी आईबापांना दोन महिन्यांची मुदत आहे. तिला तेव्हा किती वेळ मिळाला, आणि सही करताना तिचे मन तिचे होते की मावशीचे, हे मी पुरेसे पाहिले नाही, अशी टोचणी मला आजही आहे. निघताना ती रडू लागली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हटले, “हे कुणाला, कधीही कळणार नाही.” मुलगा पुढे परदेशातील एका दांपत्याकडे दत्तक गेला. परदेशी दत्तकाविषयी १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या दंडकांप्रमाणे सारे कागद रीतसर झाले होते.

पंचवीसहून अधिक वर्षांनी तो तरुण माझ्यासमोर येऊन बसला. त्याला मराठी येत नव्हते, गुजराती येत नव्हते. त्याने शांतपणे विचारले की, माझी आई कोण?

दत्तक मुलाला आपले मूळ जाणण्याचा हक्क आहे, हे आज सर्वमान्य आहे. त्याच वेळी, त्याच्या या हक्कामुळे जन्मदात्रीच्या खाजगीपणावर आक्रमण होऊ नये, असे २०२२ च्या दत्तक विनियमांत म्हटले आहे. तिने नाव गुप्त ठेवण्यास सांगितले असेल तर तिची संमती घ्यावी. ती नाही म्हणाली किंवा सापडली नाही, तर मुलाला जन्माची परिस्थिती सांगावी, असा नियम आहे. त्या वेळी नियम इतके स्पष्ट नव्हते. माझ्यापुढे दोन माणसांचे दोन खरे हक्क होते, आणि त्यांतील एकाला मी माझ्या तोंडाने वचन दिले होते.

मी त्याला नाव सांगितले नाही. “विचारून पाहते,” एवढेच म्हटले. पत्र लिहिण्याचा प्रश्नच नव्हता; एका पोस्टकार्डाने मला तेवढे शिकविले होते. ती दुसऱ्या गावी होती; घरात सुना होत्या, नातवंडे होती. चार महिन्यांनी एका कीर्तनानंतर देवळाच्या आवारात तिची एकटीची गाठ पडली. मी माझे नाव सांगितले. तिने मला ओळखले, आणि तिचा चेहरा उतरला. मी कशासाठी आले ते तिला सांगावे लागले नाही.

ती म्हणाली, “बाई, तुम्ही तर म्हणाला होतात, कुणाला कधी कळणार नाही.”

मजजवळ उत्तर नव्हते. मी नाव सांगितले नव्हते, हे खरे. पण एवढ्या वर्षांनी तिच्यासमोर उभी राहून मी तिची शांती मोडली होती, हेही खरे. मी वचन पाळले की मोडले, हे मला आजतागायत ठरविता आलेले नाही. मी तिला सांगितले, की नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि मी पुन्हा येणार नाही. माझा दूरध्वनी क्रमांक तिने पाठ करून घेतला, कागदावर घेतला नाही.

तीन आठवड्यांनी तिचा दूरध्वनी आला. भेटायचे नाही, नाव द्यायचे नाही, असे तिने स्वच्छ सांगितले. मग थोडे थांबून म्हणाली, तो दुपारी झाला, माझ्या वडिलांना मधुमेह होता, आणि अकरा दिवस मी त्याला पाजलं. एवढं त्याला सांगा. मी ते तसेच त्याला सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. नंतर त्याने एक पत्र लिहून संस्थेत ठेवले. तिने कधी मागितले तर द्यावे म्हणून. ते पाकीट बंद आहे.

त्या दिवशी तिच्या डोक्यावरून हात फिरविताना मी म्हणायला हवे होते, “हे मी जपेन, पण हे लेकरू मोठे होऊन तुला शोधीत येईल, तेव्हा तुला विचारल्याशिवाय त्याला काही सांगणार नाही.” हे तिने ऐकले असते, तर त्या देवळात मी तिला विश्वासघातकी वाटले नसते. कदाचित ती माझी वाटही पाहत राहिली असती. कोण जाणे!

आता शेवटचा भाग आपणा सर्वांसाठी आहे. आपल्यापैकी कित्येकजण संस्थांचे विश्वस्त आहेत, देणगीदार आहेत, हौसेने काम करणारे कार्यकर्ते आहेत. आमच्या व्यवसायातील नीतीवर सर्वांत मोठा ताण कधी कधी आपल्यासारख्या सज्जनांकडूनच पडतो, हे नम्रपणे सांगते. देणगीदार म्हणतात, ज्या मुलाला मदत केली त्याचा फोटो पाठवा. विश्वस्त म्हणतात, अहवालात एखादी हृदयद्रावक कहाणी घाला, नावानिशी. संस्थेला पैसा हवा असतो, आणि नाही म्हणणारी कार्यकर्ती हेकेखोर ठरते. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे अशा बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. त्यासाठी कैद आणि दंड, दोन्हींची तरतूद आहे. पण कायदा नसता तरी प्रश्न उरतोच. आपल्या वाईट दिवसांचा फोटो कोणाच्या तरी दिवाणखान्यात असावा, असे आपल्यापैकी कोणाला आवडेल?

त्यातून आपला मराठी समाज या शहरात पिढ्यान् पिढ्या राहिलेला, एकमेकांना ओळखणारा. दांडिया बाजारात शिंकावे आणि रावपुऱ्यात कोणी ‘शतायुषी भव’ म्हणावे, अशी जवळीक. या जवळिकीने आपल्याला परमुलुखात तारले आहे. पण ज्या बाईचे दुःख मी सकाळी टेबलाशी ऐकले, तीच संध्याकाळी हळदीकुंकवाला माझ्या शेजारी बसे, आणि तिची नणंद मला विचारी, “ही तुमच्याकडे कशाला आली होती हो?” अशा वेळी ‘मला माहीत नाही’ म्हणणे खोटे, आणि ‘सांगता येणार नाही’ म्हणणे म्हणजे अर्धे सांगून टाकणे. मी हळूहळू शिकले, की कोणाविषयीही, अगदी काही नसले तरी, ‘माझ्याकडे येणाऱ्यांविषयी मी बोलत नाही’ हेच उत्तर द्यायचे. त्यामुळे काही मैत्रिणी दुरावल्या. आपल्याला मला एवढेच मागायचे आहे: आपल्या ओळखीत कोणी हे काम करीत असेल, तर तिला विचारू नका. न विचारणे हीसुद्धा मदत आहे.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डेन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या गेल्या. ज्या गावात ग्रंथालयाचा वारसा एवढा मोठा आहे, तेथे आपल्या ग्रंथालयाने शंभर वर्षे पुरी करावीत हे साजेसेच आहे. लहानपणी मी येथे पुस्तके नेत असे, तेव्हा देवघेवीच्या टेबलाशी एक वृद्ध ग्रंथपाल बसत. त्या वयात वाचू नयेत अशी म्हणून समजली जाणारी काही पुस्तकेही मी नेली. ते पुस्तक हातात घेत, नोंदवहीत आकडा लिहीत, आणि काही न बोलता परत देत. माझे वडील त्यांच्याशी रोज गप्पा मारीत. पण मी काय वाचते हे त्यांनी घरी कधी सांगितले नाही. समाजकार्याच्या पदवीसाठी मी पुढे दोन वर्षे घालविली. पहिला धडा मला येथे, या टेबलाशी मिळाला होता, हे आज मागे वळून पाहताना कळते.

हे ग्रंथालय आणखी शंभर वर्षे अशाच निगुतीने पुस्तके आणि माणसांचा विश्वास, दोन्ही जपो, अशी प्रार्थना करते.